सालींचा अर्क

चाखण्याच्या दिवशी आम्हा कोणालाही फोडणीचं खाऊन यायची परवानगी नव्हती. हरकरे सर दारातच विचारत, "कांदा? लसूण? खर्रा?" यातला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, बळीरामसाठी असे. बळीराम प्रयोगशाळेची जीप चालवायचा. चाखणाऱ्यांत त्याचं नाव नव्हतं, पण बाटली उघडली की तो हमखास दारात येऊन उभा राही.

"सर, माह्या जिभेले सगळं खर्ऱ्यासारखंच लागते," तो म्हणे. "मले पाजाल तं नुकसान तुमचंच."

"म्हणूनच तुला दारात ठेवलंय," सर म्हणत.

ते शहात्तर साल होतं. नागपूरच्या सदरमधल्या एका जुन्या बंगल्यात आमची फळ-प्रक्रियेची प्रयोगशाळा होती. सांगलीकडून काळी द्राक्षं रेल्वेनं येत आणि आम्ही त्यांची लाल वाइन करत असू. सर काही वर्षं फ्रान्सला राहून आले होते. त्यांना गोडसर, पातळ वाइन नको होती. काळपट, जड, तुरट हवी होती. "जिभेवर उभी राहिली पाहिजे," असं ते म्हणत. यीस्टचं काम शोभाताईंकडे होतं, रसायनाचं माझ्याकडे.

सरांनी आम्हाला पाहायला शिकवलं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा आणि मधला रंग सोडून कडेचा रंग बघायचा. मुरलेल्या वाइनला कडेला विटकरी झाक येते. मग नाक ग्लासात घालून वास घ्यायचा, घोट तोंडभर फिरवायचा, आणि एनॅमलच्या भांड्यात थुंकायचा. फ्रान्समध्ये मधेमधे पाव खातात. आम्ही मुरमुरे खात असू.

थुंकायचं होतं म्हणूनच मी ते काम करू शकत होते. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर इतरांबरोबर उभं राहून दारू न पिण्याची शपथ घेतली होती. त्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावर होते. नोकरी लागल्यावर त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "गिळत तं नाही ना वं?" मी नाही म्हटलं. "मंग ठीक हाये," ते म्हणाले, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

वडिलांचं नाव धोंडबा. गिरणीच्या लूम खात्यात, मागांवर, त्यांची हयात गेली. वाचायला ते मोठेपणी, रात्रशाळेत शिकले. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी विहारात बसून ते वस्तीतल्या लोकांना पुस्तकं आणि वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्यासाठी दुपारी घरी एकदा मोठ्यानं वाचून बघत, अडणारे शब्द मला विचारून ठेवत. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच होतो.

त्या दिवशी मी डबा विसरले होते. ते सायकलवर तो घेऊन आले. मी शेजारच्या खोलीत दुसरी बाटली उघडत होते, त्यामुळे ते आत आलेले मला दिसले नाहीत. सरांचा आवाज मात्र ऐकू आला.

"या, या. प्रेमलताचे वडील ना? बसा. नाही, खुर्चीवर बसा. तुमच्या मुलीनं केलेली वाइन चाखतोय आम्ही. तुम्ही घेत नाही, ठाऊक आहे मला. तुम्हाला साधा रस देतो. आंबवलेला नाही, नुसता द्राक्षांचा."

फ्रिज उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ सर मला उद्देशून मोठ्यानं म्हणाले, "प्रेमलता, रसाला काय सुंदर रंग आलाय गं!"

मी हातातलं बूच काढता काढता थांबले. आमचा रस गढूळ होता. त्याला सुंदर रंग वगैरे काही नव्हता.

मी खोलीत आले तेव्हा वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. हातात लांब दांडीचा काचेचा ग्लास होता. तो रिकामा होता. ते खोकत होते आणि खोकतानाही हसण्याचा प्रयत्न करत होते.

"जरासा जळजळते," ते सरांना म्हणाले. "पन चांगला हाये. खट्टा."

मी त्यांच्या हातातून ग्लास घेतला. तळाशी थेंबभर राहिलं होतं. तो तिरका करून मी कागदावर धरला. कडेला विटकरी झाक नव्हती. गढूळपणाही नव्हता. अगदी स्वच्छ, भडक लाल रंग होता. वास घेतला. द्राक्ष नाही, यीस्ट नाही. एक बारीक, गोडूस, स्पिरिटसारखा वास होता.

टेबलावर फ्लास्क होता. त्याच्यावरची चिठ्ठी शाबूत होती, फक्त सरांच्या तळहाताखाली आली होती. 'सालींचा अर्क. मिथेनॉल.'

द्राक्षाच्या सालीत किती रंग आहे हे मोजायचं असेल, तर साली आम्लात आणि मिथेनॉलमध्ये भिजवून ठेवतात. सगळा रंग सुटून येतो आणि ते पाणी कुठल्याही वाइनपेक्षा लाल दिसतं. मिथेनॉल हे मद्यार्काचंच भावंड, पण जीवघेणं. हातभट्टीत ते मिसळलं की वस्त्यांमधली माणसं आंधळी होतात आणि मरतात. गिरणीच्या चाळीतल्या दोन भावांना तसं झालेलं वडिलांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

सर प्रत्येक ग्लासात नाक घालणारे. पण रसात काय हुंगायचं म्हणून त्यांनी तेवढा एक फ्लास्क हुंगला नव्हता.

"सर," मी म्हटलं. चिठ्ठी त्यांच्याकडे फिरवली. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला आणि वाचलं. त्यांचा चेहरा बघून शोभाताई उठून उभ्या राहिल्या.

"बाबा, तुमी पूर्न पेले काय?" ऑफिसात मी घरची बोली कधी काढत नसे. तेव्हा ती आपोआप आली.

"पूर्न. काहून?"

"जळजळत होतं तं थुंकाचं ना! भांडं होतं समोर!"

ते माझ्याकडे आश्चर्यानं बघत राहिले. "एवढ्या मोठ्या मानसानं सोताच्या हातानं ग्लास देल्ला. थो थुंकू?"

कुहीकडच्या गावात त्यांचं लहानपण गेलं. तिथे त्यांना पाणी ओंजळीत, वरून ओतून मिळे. त्यांनी मला हे दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं सांगितलं होतं. दांडीच्या ग्लासातला शेवटचा घोट त्यांनी का ठेवला नाही, हे मला कळलं.

शोभाताईंनी मिठाचं पाणी करून आणलं. मी वडिलांना अंगणातल्या नळाशी नेलं आणि बोटं घालून ओकायला लावलं. लालसर पाणी पडलं. किती पडलं आणि किती आत राहिलं, हे सांगायला काही मार्ग नव्हता. मिथेनॉल पोटातून फार लवकर रक्तात जातं.

"सांग," पायरीवर बसून तोंड पुसत ते म्हणाले. "काय पेलो मी?"

मी सांगितलं. चाळीतल्या त्या भावांचं नाव घेतलं नाही, पण ते त्यांनीच घेतलं. त्यांनी दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले.

"आता तं दिसते."

"आत्ता दिसनारच. उद्या..."

"इलाज?"

"दारू."

बळीराम जीप काढायला निघाला होता, तो जागीच थांबला. सर माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मजाक करते काय वं?" वडील म्हणाले.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मला हे नीट, क्रमानं सांगायचं होतं. चुकलं तर ते नाही म्हणणार होते.

"लिव्हरमदी एक लूम हाये असं समजा. तुमी जे पेले ते नुसतं आंगात फिरलं तं फार काही करत नाही. त्या लूमवर ते चढलं, की त्याचं दुसरं जहर विनल्या जाते. ते जहर डोळ्याची नस खाते. पन त्याच लूमवर साधी दारूबी चढते. अन् लूम दारूले आधी घेते. दारू आंगात हाये तोवर हे बाहेर थांबते, अन् लघवीतून, श्वासातून निंगून जाते."

"एका लूमवर एका वेळी एकच ताना," ते म्हणाले.

"हो."

"अन् दोन्ही समोर ठेवले तं लूम दारूच पसंत करते?"

"हो."

"मंग मानसासारखंच हाये ते."

बळीराम हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवून बाहेर गेला. मला मात्र हसू येईना. वेळ जात होता आणि तो लूम चालू होता.

"धोंडबाजी," सर पुढे आले. "मी... माझ्या हातून... तुम्ही हे दवा म्हणून घ्या. फक्त दवा म्हणून."

"नाही." वडिलांनी मान हलवली. "दवा म्हनून किती लोकायनं सुरू केली, थे मी गिरनीत पाह्यलं. थंडीची दवा, पाठदुखीची दवा. दारू हाये. दारू म्हनूनच पितो, नाही तं पीत नाही." ते माझ्याकडे वळले. "तू मले पोरगी म्हनून सांगून राहिली का शिकलेली म्हनून?"

"शिकलेली म्हनून."

"पक्कं?"

"दारूचं पक्कं. डोळे वाचतीलच, हे पक्कं नाही."

मी खोटं बोलू शकले असते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणतील. शपथ मोडण्यापेक्षा आंधळा होतो, असं म्हणणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि तसं म्हणाले असते तर त्यांच्या तोंडात ओतण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं.

"विहारात मीच सांगीन," ते म्हणाले. "मी सांगाच्या आधी तू कोनाले सांगू नोको. आन."

आमच्याकडची सगळ्यात जड वाइन मी आणली. गेल्या हंगामातली, सालींवर जास्त दिवस ठेवलेली, काळपट. सकाळी सरांनी तिलाच सगळ्यात चांगली म्हटलं होतं. या वेळी मी स्टीलचा पेला घेतला.

पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा पिळवटला.

"गिरनीतले लोक डोळे मिटून ढोसत," ते म्हणाले. "मले तसं नोको. साहेब, तुमी पोरायले सांगता ना, कशात काय लागते थे? सांगा मले."

सर पायरीवर वडिलांच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"आधी... आधी जांभूळ लागेल. पिकून फुटलेलं. लागलं?"

"लागलं."

"मग मागून काळी मिरी. घशाशी."

"हो. अजून?"

"आता जीभ टाळूला घासून बघा. हिरडा चघळल्यावर ओढते तशी ओढेल. ते सालींमधलं. तोच... तोच तिचा जोर."

"हिरडा," वडील म्हणाले आणि पुन्हा पेला पुढे केला. "चांगल्या चिजेची बी चव खराब करते ही दारू. जांभूळ नुसतं खाल्लं तं काय वाईट होतं?"

सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते बोलत होते. मी पेला भरत होते आणि वडिलांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांकडे बघत होते.

जीपमध्ये शोभाताई पुढे बसल्या. सर मागे, पायांत बाटल्यांची पेटी धरून. इंजिन सुरू झालं तेव्हा वडिलांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा झिंगतो, तेव्हा तो कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. ते हसत होते.

"तुही माय असती तं झाडू घेतला असता तिनं," ते म्हणाले. मग डोळे बारीक करून समोर पाहिलं. "प्रेमा, मले दोन बळीराम दिसून राहिले."

"काका, एकच पुरे हाये ना नागपूरले," बळीराम स्टीअरिंग न सोडता म्हणाला.

दोन दिसतात ते वाइनमुळे, की विषामुळे? दोन्हींनी नजर बिघडते. मीच त्यांना असं औषध दिलं होतं, ज्यामुळे आजार दिसूच नये. ती नशा उतरेपर्यंत मला काहीच कळणार नव्हतं, आणि डोळे वाचवायचे तर ती उतरू द्यायची नव्हती.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाटलीचा वास घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "हे तुम्हाला सुचलं कसं?" मग खायच्या सोड्याची सलाइन लावली. रक्तात आम्ल वाढलं तर ते मोडायला. दारू चालूच ठेवा, म्हणाले. दवाखान्यात पिण्यालायक मद्यार्क नव्हता. जखमेला लावायचं स्पिरिट होतं, पण त्यात मिथेनॉल घातलेलं असण्याची शक्यता होती. म्हणून आमचीच वाइन. बळीराम अजून बाटल्या आणायला परत गेला.

मी पेला भरत राहिले. डॉक्टर टॉर्च घेऊन येत, पापणी वर करत आणि काही न बोलता जात. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून मला न्याहाळत होती.

"बाईच बापाले पाजून राहिली काय जी," ती तिच्या नवऱ्याला म्हणाली. आवाज कमी करायची तिला गरज वाटली नाही. "अन् लालवाली. महागाची असन."

वडिलांनी ऐकलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला उठून तिला लूमची सगळी गोष्ट सांगायची होती, पण विहारात मीच सांगीन, असं ते म्हणाले होते. मी पुढचा पेला भरला.

सर व्हरांड्यातल्या बाकावर होते. मधे एकदा दारापर्यंत आले.

"दिसतंय का त्यांना?"

"आत्ता विचारण्यात अर्थ नाही, सर."

"नाही. नाहीच अर्थ," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले. पोलिसांत कळवायचं असेल तर मी स्वतः येतो, असं ते नंतर म्हणाले. माझ्या डोक्यात डोळ्यांशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखू लागलं. पोट दुखू लागलं. मिथेनॉलनं डोकं दुखतं आणि पोटही दुखतं. कधी न पिणाऱ्याला बाटलीभर वाइन पाजली तरी तेच होतं. "धुकं हाये काय खोलीत?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी उठून खिडकीपाशी गेले. बाहेर स्वच्छ ऊन होतं. खिडकीच्या गजांना मी इतकं घट्ट धरलं की तळहातावर गंज उतरला. चाळीतला थोरला भाऊ गेला, त्याच्या आदल्या दिवशी तोही म्हणाला होता की सगळीकडे चुना उडालाय.

त्यानंतरच्या दुपारी डॉक्टर म्हणाले, "आता थांबवू या. उतरू द्या. मग बघू."

ती सगळ्यात वाईट वेळ होती. पेला भरायचं काम होतं तोवर हातांना काहीतरी होतं. आता मी स्टुलावर बसून फक्त वाट बघायची होती. लूम रिकामा होणार होता. अजून काही अंगात उरलं असेल, तर ते आता त्याच्यावर चढणार होतं. त्यांना झोप लागली. झोपेत त्यांच्या पापण्या हलत. मला त्यांना उठवायचं होतं आणि त्यांनी कधीच उठू नये, असंही वाटत होतं. झोपेत होते तोवर ते आंधळे नव्हते.

संध्याकाळ व्हायच्या आधी त्यांनी डोळे उघडले. ते सरळ वर, छताकडे बघत होते. डोकं हललं नाही. बुबुळं हलली नाहीत.

"बाबा."

नजर वरच राहिली.

मी हात पुढे केला आणि त्यांच्या चेहऱ्यापर्यंत नेता नेता मधेच थांबवला. बोटं दाखवायचं धैर्य मला होईना.

"ते पालीचं पिल्लू," ते हळू म्हणाले. तोंड कोरडं असल्यानं शब्द चिकटत होते. "केव्हाचं एकाच जागी हाये. शेपूट तुटली हाये त्याची."

मी वर पाहिलं. छत उंच होतं, चुन्याचं, पोपडे आलेलं. तिथे पाल नव्हती. मी सगळं छत बघितलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. काही नव्हतं. नस जाताना माणसाला नसलेलं दिसतं का, हे मी कुठे वाचलं होतं का, ते आठवेना.

"कुठं, बाबा?"

"तिकडं नाही वं. दिव्याच्या मांगं. पट्टीच्या."

मी उठले, खाटेला वळसा घालून त्यांच्या उशाशी आले आणि त्यांच्या नजरेच्या रेषेत वाकले. ट्यूबलाइटच्या पत्र्याच्या पट्टीमागे, जळमटात, बोटाच्या पेराएवढं पिल्लू होतं. फिकट, जवळजवळ चुन्याच्याच रंगाचं. मला ते नीट दिसेना. चष्मा पदरानं पुसून पुन्हा घातला, तेव्हा दिसलं. त्याला शेपूट नव्हती.

"दिसलं?" वडिलांनी विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. मी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून तशीच वाकून राहिले.

"दिसलं का नाही, प्रेमा?" ते म्हणाले, आणि मान वळवून माझ्याकडे बघू लागले. "तू काहून रडून राहिली?"